हडंब्याचा पट्टा तुटला? आधी चावी खिशात, मग पाना हातात

इअरफोन लावून ऐकताय ना? ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. आजचा विषय एकदम साधा: पट्टा. म्हणजे बेल्ट.

आपल्या लातूर-नांदेडकडं दसरा-दिवाळीच्या आसपास सोयाबीनच्या राशी चालू होतात. औसा, अहमदपूर, उदगीर, कंधार, मुखेड, कुठंही जा, शेतात बनीम लागलेली आणि बाजूला ट्रॅक्टरला जोडलेलं मळणी यंत्र, म्हणजे आपला हडंबा. वर परतीच्या पावसाचं आभाळ. मजूर ठरलेले, पुढचा शेतकरी फोनवर फोन करतोय. अशा वेळी फटकन आवाज येतो आणि पट्टा तुटतो. मग होते घाई. मला जास्त बोलायचंय ते या घाईबद्दल.

पट्टा करतो काय?

ट्रॅक्टरच्या पीटीओचा दांडा मिनिटाला साधारण ५४० फेरे फिरतो. ती ताकद ड्रमला, पंख्याला, चाळणीला वाटून द्यायची असते. कुठं ती थेट दांड्यानं जाते, कुठं पट्टा आणि पुलीनं. पट्टा रबराचा असतो, पण त्याची खरी ताकद आतल्या दोऱ्यांत असते. त्याचा आकार व्ही सारखा, वर रुंद आणि खाली निमुळता. तो पुलीच्या खाचेच्या दोन्ही बाजूंना घट्ट बसतो आणि त्या बाजूंच्या पकडीवर पुली फिरवतो. खाचेच्या तळाला तो टेकायलाच नको. तळाला टेकला की पकड गेली, पट्टा घसरायला लागला.

घसरणारा पट्टा ओळखणं सोपं आहे. चिरकल्यासारखा आवाज, रबर जळाल्याचा वास, आणि पट्ट्याच्या बाजू काचेसारख्या चकचकीत. पंख्याचा पट्टा घसरला की वारा कमी पडतो आणि मालात भुसा येतो. चाळणीचा घसरला की काड तुंबतं. म्हणजे पट्टा तुटायच्या आधी मशीन आपल्याला सांगत असतं, आपण ऐकत नाही.

नंबर वाचायला शिका

पट्ट्याच्या पाठीवर बी-६८ असं काहीतरी छापलेलं असतं. अक्षर म्हणजे जाडी, आकडा म्हणजे आतल्या बाजूची लांबी, इंचात. ए पट्टा वरून १३ मिलिमीटर रुंद, बी १७ आणि सी २२. नंबर पुसला असेल तर तुटलेला पट्टा सरळ करून बाहेरून मोजा. बी पट्टा असेल तर त्यातून साधारण पावणेतीन इंच वजा करा, म्हणजे आतली लांबी मिळते. जुना पट्टा थोडा ताणलेला असतो हेही ध्यानात ठेवा. सगळ्यात बरं म्हणजे जुना पट्टाच दुकानात घेऊन जा. आणि "बी नाही, ए घेऊन जा, चालतंय" असं कुणी म्हणालं तर घेऊ नका. ए पट्टा बीच्या खाचेत खाली जाऊन बसतो आणि पहिल्याच दिवशी घसरतो.

एका पुलीवर दोन-तीन पट्टे शेजारी शेजारी असतील तर सगळे एकदम बदला. एक नवा आणि दोन जुने ठेवले की सगळा भार नव्यावर येतो आणि तोच आधी जातो.

आता बदलायचा कसा

पहिलं काम: ट्रॅक्टर बंद. पीटीओ न्यूट्रल. चावी काढून स्वतःच्या खिशात. दुसऱ्याच्या हातात नाही, ट्रॅक्टरच्या सीटवर पण नाही. मशीन मोटरवर चालत असेल तर मेन स्विच बंद करून फ्यूज काढून जवळ ठेवा. जड चाक बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहतं. ते पूर्ण थांबेपर्यंत जाळीला हात लावायचा नाही.

दुसरं: जाळी उघडल्यावर मोबाइलनं एक फोटो काढा. पट्टा कोणत्या पुलीवरून कुठं गेलाय, ताण देणारी छोटी पुली आत आहे का बाहेर, सगळं फोटोत राहतं.

तिसरं: ताण देणाऱ्या पुलीचे किंवा मोटरच्या बैठकीचे बोल्ट ढिले करा आणि पुल्या जवळ आणा. पट्टा आपोआप सैल होतो. बरेच जण बोल्ट सोडायचा कंटाळा करून पहारीनं किंवा टॉमीनं नवा पट्टा पुलीवर चढवतात. तो चढतो, पण आतले दोरे तुटतात. वरून पट्टा नवा दिसतो आणि दोन दिवसांत उलटतो किंवा तुटतो. मग दोष दुकानदाराला.

चौथं: पट्टा काढल्यावर पुली हातानं फिरवून बघा. खडखड येतेय का? हलवल्यावर खेळ जाणवतो का? तसं असेल तर बेअरिंग गेलंय, नवा पट्टा टाकून उपयोग नाही. खाचेचा तळ चकाकत असेल तर पुली झिजलीय. खाच कोरड्या कपड्यानं पुसा. तेल, ग्रीस, डिझेल काही लावू नका.

पाचवं: एक दोरी घ्या आणि दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून ताणून धरा. पुल्यांच्या कडा सारख्या जाडीच्या असतील तर दोरी चारही जागी टेकली पाहिजे. एक जागा सुटली तर पुल्या एका रेषेत नाहीत. अशा वेळी पट्टा एका बाजूनं घासत राहतो.

सहावं: पट्टा हातानं बसवा आणि ताण द्या. किती? दोन पुल्यांच्या मधला मोकळा भाग मीटरभर असेल तर मध्यावर दाबल्यावर साधारण १६ मिलिमीटर खाली जावा. पाऊण मीटर असेल तर १२. यापेक्षा ढिला असेल तर घसरतो, फार कडक असेल तर बेअरिंग खातो.

सातवं: हातानं दोन-चार फेरे फिरवा, जाळी परत लावा, मगच चालू करा. पंधरा-वीस मिनिटं चालवून पुन्हा बंद करा आणि ताण बघा. नवा पट्टा खाचेत बसला की थोडा सैल होतोच. दुसऱ्या दिवशी सकाळी अजून एकदा बघा.

पुली बदलली की सोयाबीन फुटतं

काही जण "काम लवकर उरकतंय" म्हणून छोटी पुली टाकून ड्रमचा वेग वाढवतात. हिशोब सोपा आहे: चालवणाऱ्या पुलीचा व्यास गुणिले तिचे फेरे, भागिले चालणाऱ्या पुलीचा व्यास. १० इंची पुली ५४० फेऱ्यांनी फिरत असेल आणि समोर १५ इंची असेल तर ड्रमला ३६० फेरे. समोर १० इंचीच टाकली तर ५४०. सोयाबीनचा दाणा नाजूक, जोरात आपटला की त्याची उगवण जाते. बियाण्यासाठी ठेवायचं सोयाबीन मिनिटाला साधारण ३५० ते ४०० फेऱ्यांवर मळावं, असं कृषी तज्ज्ञ सांगतात. बियाण्याची उगवण किमान ७० टक्के लागते. आज वाचवलेला तास जूनमध्ये दुबार पेरणीच्या रूपात अंगावर येतो.

हेच गणित बॉबकॅटला

जागच्या जागी गर्रकन वळणारा छोटा लोडर, ज्याला सगळे बॉबकॅट म्हणतात, त्याच्या बऱ्याच मॉडेलमध्ये इंजिन आणि हायड्रॉलिक पंपाच्या मध्ये असाच पट्टा असतो. तो तुटला की चाकं पण थांबतात आणि बकेट पण. तिथं ताण बहुतेक वेळा स्प्रिंगची पुली देते. नियम तोच, फक्त एक जास्त: वर उचललेल्या बूमखाली, त्याला लोखंडी आधार लावल्याशिवाय जायचं नाही.

आता खरी गोष्ट

१२ इंची पुली ५४० फेऱ्यांनी फिरत असेल तर पट्टा सेकंदाला साडेआठ मीटर पळतो. "अगं, ओढणी!" असं म्हणायला अर्धा सेकंद जरी लागला तरी चार मीटर पट्टा पुढं गेलेला असतो. म्हणून चालू पट्ट्यावर राळ टाकणं, काठीनं पट्टा सरळ करणं, जाळी काढून राशी करणं, हे धाडस नव्हे. पेंढ्या टाकायला बहुतेक बायाच असतात, पदर आणि ओढणी घेऊन. त्यांना पदर खोचून घ्यायला सांगा, वरून शर्ट घालायला द्या, आणि पट्ट्याच्या बाजूनं कुणालाही उभं करू नका.

कायदाही आहे. धोकादायक यंत्रांबाबतचा १९८३ चा केंद्राचा कायदा मळणी यंत्रांनाही लागू होतो आणि त्यात जखमी माणसाच्या भरपाईची तरतूद आहे. आपल्या राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख आणि एक हात किंवा पाय निकामी झाला तर १ लाख मिळतात. पण ही योजना सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. मशीनवर पेंढ्या टाकणाऱ्या भूमिहीन मावशीला त्यातलं काही मिळत नाही. तिच्यासाठी विमा म्हणजे तुम्ही लावलेली जाळी.

तर मंडळी, तुमच्या हडंब्याच्या सगळ्या पट्ट्यांचे नंबर आजच मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि प्रत्येकाचा एक जादा पट्टा घरात ठेवा. पट्टा हाताशी असला की घाई होत नाही. हा एपिसोड मशीनवाल्या दोस्ताला पाठवा. भेटू पुढच्या भागात. राम राम!