पाणी वाचवा, पण पोटातून नको!

परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. ती, जावई आणि दोन मुलं असे चौघं कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊन निघणार होते. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचं चिमुकलं घर. झोपायला जागा, छोटा ओटा, छोटंसं बाथरूम, सगळं गाडीतच. आपल्या राज्य सरकारने २०२१ साली यासाठी पर्यटन धोरण आणलं, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडेही कानावर पडू लागलाय.

"मावशी, गाडीच्या टाकीत शंभर लिटर पाणी मावतं. दोन रात्री रानात राहायचंय, तिथे नळबिळ काही नाही. पुरेल का गं चौघांना?"

मी काही कॅरॅव्हॅनमध्ये पाऊल ठेवलेलं नाही. पण पाणी बरोबर घेऊन घर कसं हाकायचं, हे मला वारीने शिकवलंय. तेही एक चूक करून!

संत निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निघते. नाशिकहून आमच्या नाशिक रोडवरून पळसे, सिन्नर, नगर (आताचं अहिल्यानगर), करमाळा असं करत आषाढीला पंढरपूरला पोचते. २०१९ साली मी आमच्या भागातल्या छोट्या दिंडीबरोबर निघाले. माणसं पंचेचाळीस, त्यात निम्म्याहून जास्त बायका. सामानाच्या ट्रकमध्ये हजार-हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्या. स्वयंपाक आणि पाणी माझ्याकडे.

दोन हजार लिटर ऐकायला खूप वाटतं. पण पंचेचाळीस माणसांना ते माणशी चव्वेचाळीस लिटर होतं. त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, आंघोळ, सगळं आलं. शहरात पाणीपुरवठ्याचा हिशोब माणशी १३५ लिटरचा धरतात, म्हणजे इथे त्याचा तिसरा हिस्सा. तरी रोज टाक्या भरून मिळाल्या तर छान भागायचं. घरी नळ सोडला की किती गेलं ते कळतही नाही. इथे मात्र टाकीवर काठी वाजवली की आवाजावरून पाणी कुठवर आलंय ते समजायचं.

त्या वर्षी राज्यात दुष्काळ जाहीर झालेला होता आणि जूनमधला पाऊसही लांबला होता. सिन्नरचा पूर्व भाग तर एरवीही कोरडाच. तिथल्या एका मुक्कामी पाणी घेऊन येणारा टँकर आलाच नाही. टाक्या निम्म्या झालेल्या. पुढचं पाणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळणार होतं.

मी पदर खोचला. आंघोळीला प्रत्येकी अर्धी बादली. भांडी आधी राखेने कोरडी घासायची, मग दोन घमेल्यांत बुचकळून काढायची. पहिल्या घमेल्यातलं पाणी गढूळ झालं की ते ओतायचं, दुसऱ्यातलं पहिल्यात घ्यायचं आणि दुसऱ्यात चांगलं भरायचं. भाजी धुतलेलं पाणी हातपाय धुवायला. जेवायला पत्रावळी. आणि पिण्याचं पाणी? "जपून हं माऊली, पुरवायचंय!" असं मी येता-जाता प्रत्येकीला बजावत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी टाकीत अजून वीतभर पाणी होतं. मला तर स्वतःचंच कौतुक वाटलं. तेवढ्यात निरोप आला, दिंडीतल्या एक आजी चालता चालता खाली बसल्या. डोळ्यांपुढे अंधारी, जीभ कोरडीठाक. वैद्यकीय पथकातल्या डॉक्टर मुलीने विचारलं, "आजी, सकाळपासून पाणी किती प्यायलात?"

"पहाटे चहा घेतला की."

"आणि पाणी?"

आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पुरवायचं होतं ना बाई. आणि प्यायलं की जावं लागतं. ह्या माळावर आडोसा कुठे हाय? बाप्यांचं बरं असतंय."

बाकीच्या बायकांना विचारलं, तर निम्म्याहून जास्त जणींची तीच कथा! कुणाला लघवीला जळजळ, कुणाचं डोकं ठणकतंय. कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. टाकीत उरलेलं ते वीतभर पाणी माझ्या हुशारीने उरलं नव्हतं. ते ह्या बायकांच्या पोटातून उरलं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून दोन गोष्टी बदलल्या. एका टाकीच्या तोटीला लाल फडकं बांधलं. ती फक्त पिण्याची, तिला आंघोळीसाठी हात लावायचा नाही. पाणी कमी पडलं तर आंघोळी बंद, अंग ओल्या पंचाने पुसायचं. पण पिण्याला कात्री नाही. दुसरं म्हणजे चार बांबू आणि जुन्या साड्या ट्रकमध्ये टाकल्या. प्रत्येक विसाव्याला आधी आडोसा उभा करायचा, मग चहाचं आधण. आडोसा दिसला की बायका आपोआप पाणी पिऊ लागल्या. सांगावंसुद्धा लागलं नाही. हल्ली वारीच्या वाटेवर फिरती शौचालयं दिसतात, ते फार बरं झालं. पण दोन थांब्यांच्या मधल्या रस्त्याला आडोसा लागतोच.

भाचीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, पण आमच्या गाडीत तर बाथरूम आहे!"

तिथेच तर खरी मेख आहे. गाडीतल्या संडासाची खालची पेटी लहान असते. ती भरली की योग्य ठिकाणी नेऊन रिकामी करावी लागते. मग आई मुलांना म्हणणार, "सारखं सारखं जाऊ नका." आणि स्वतः पाणी प्यायचीच बंद होणार. जागा बदलली तरी बाईची खोड तीच!

मग आम्ही दोघींनी फोनवरच हिशोब मांडला. पिण्याचं पाणी टाकीत धरायचंच नाही. माणशी रोज तीन लिटर, म्हणजे चौघांना दोन दिवसांचे चोवीस. तीस लिटरचे वेगळे कॅन घ्यायचे. आता टाकीतले शंभर. स्वयंपाक आणि भांड्यांना रोज पंधरा, असे तीस. आंघोळ शॉवरने नाही, तांब्याने. माणशी पाच लिटर, दोन दिवसांचे चाळीस. उरले तीस, ते हात, दात आणि संडासाला. म्हणजे पुरतं, फक्त तोटी वाहती ठेवायची नाही. साबण लावताना पाणी बंद. खरकटी ताटं आधी कागदाने पुसायची. हात धुवायला बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून ती बाहेर टांगायची, बारीक धारेत हात स्वच्छ होतात.

आणखी दोन गोष्टी सांगितल्या. वाटेत विहिरीचं किंवा झऱ्याचं पाणी घेतलं तर ते उकळूनच प्यायचं. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. आणि साबणाचं पाणी ओढ्यात सोडायचं नाही, खालच्या वस्तीतली कुणीतरी तिथेच हंडा बुडवत असते. उन्हाने कुणी मलूल झालंच, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्यायचं. चमचे चहाचे!

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," मी म्हटलं, "तुझी स्वतःची वेगळी बाटली ठेव. रात्री झोपताना मुलांचं दूध विचारतेस ना, तशी आपली बाटलीही बघ. ती भरलेली राहिली असेल तर तुझा हिशोब चुकला."

चार दिवसांनी तिचा फोन आला. टाकीत थोडं पाणी शिल्लक राहिलं म्हणाली. मी लगेच विचारलं, "आणि तुझी बाटली?"

"रिकामी गं मावशी! दोनदा भरली रोज."

मैत्रिणींनो, आपण सहलीला जाऊ, लग्नाच्या बसमधून जाऊ, नाहीतर नळाला दोन दिवस पाणी येणार नसेल. पाणी पुरवायची जबाबदारी आपल्याकडेच येते. जरूर पुरवा. भांड्यांतून वाचवा, बादलीतून वाचवा. पण आधी आपला तांब्या पिऊन खाली ठेवा, मग इतरांना सांगा, "जपून हं!"