आधारची झेरॉक्स आणि आठ फुल्या

परवा सोलापुरात नवी पेठेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. बिघडलेल्या प्रतींच्या खोक्यात वरच एका आजींचं आधार कार्ड दिसलं. फोटो, जन्मतारीख, पत्ता, बाराही आकडे स्पष्ट! तो कागद मागून घेतला आणि बारीक फाडला.

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. आधार क्रमांकातला बारावा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. लिहिताना एखादा आकडा चुकला, तर संगणकाला ते लगेच कळतं. म्हणजे हा बारावा आकडा चूक पकडतो, चोर पकडत नाही. धोका नुसत्या क्रमांकात कमी. नाव, जन्मतारीख आणि पत्ता एकाच कागदावर सापडण्यात जास्त.

उपाय साधे आहेत. आधारच्या संकेतस्थळावर ‘मास्क्ड आधार’ मिळतं. त्यात पहिल्या आठ आकड्यांच्या जागी फुल्या असतात, शेवटचे चारच दिसतात. चालत असेल तिथे तेच द्या. प्रतीवर कारण आणि तारीख लिहून आडवी सही करा. बोटांचे ठसे ‘लॉक’ करून ठेवा, लागतील तेव्हाच उघडा. बिघडलेली प्रत मागून घ्या.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निकाल दिला. तो हक्क जपण्याची सुरुवात मात्र त्या खोक्यापासूनच करायला हवी.