डिझेलला थंडी वाजते तेव्हा!

नवी मुंबईचा विमानतळ व्हायच्या आधी उलव्याची टेकडी कापावी लागली. कित्येक वर्षं तिथे पोकलेन, डोझर आणि डंपर यांची घरघर चालू होती. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्‌घाटन झालं. त्या यंत्रांना धुळीनं छळलं, पावसाळ्यात चिखलानं छळलं, पण थंडीनं मात्र कधीच नाही. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा पंधरा-सोळा अंशांवर आला की आपण स्वेटर शोधू लागतो. पोकलेनला त्याचं काहीच वाटत नाही. ऑपरेटर सेल्फ मारतो आणि धुराचा एक भपकारा सोडून इंजिन सुरू!

हाच पोकलेन जोझिला खिंडीत नेऊन रात्रभर उभा केला तर? सकाळी तो ढिम्म हलणार नाही.

जोझिला आहे काश्मीरमधलं सोनमर्ग आणि लडाखमधलं द्रास यांच्या मध्ये, सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीवर. श्रीनगरहून कारगिल आणि लेहला जाणारा रस्ता इथूनच जातो. हिवाळ्यात बर्फानं तो बंद होतो. पूर्वी तर पाच-सहा महिने बंद असायचा! मग भाजी, औषधं, पाहुणे, सगळंच अडून राहायचं. बर्फ हटवण्याचं काम सीमा सडक संघटनेचं. ही संघटना ७ मे १९६० रोजी स्थापन झाली, आणि तिच्या माणसांना शिकवून तयार करणारं केंद्र आपल्या पुण्याजवळ, दिघीला आहे. यंत्रं सोनमर्गकडून आणि द्रासकडून, अशी दोन्ही बाजूंनी बर्फ कापत येतात. २०२५ साली त्यांनी अवघ्या ३२ दिवसांत, १ एप्रिलला रस्ता खुला केला. पण त्यासाठी रोज सकाळी यंत्र सुरू तर व्हायला हवं ना!

आता गंमत ऐका. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडायला स्पार्क प्लग असतो. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते! मग डिझेल पेटतं कसं? सायकलच्या चाकात जोरजोरात हवा भरा आणि लगेच पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहा. गरम लागेल. हवा दाबली की ती तापते. डिझेल इंजिनातला दट्ट्या हवेला दाबून दाबून तिच्या मूळ जागेच्या पंधराव्या-विसाव्या भागात कोंबतो. ती पाचशे अंशांच्याही वर तापते. मग नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडतो आणि आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरची ही युक्ती. १८९७ साली त्याचं इंजिन नीट चालू लागलं.

म्हणजे डिझेल इंजिनाची काडेपेटी काय, तर नुसती ऊब. थंडी नेमकी तीच चोरते. इंजिनाचं लोखंड उणे वीस अंशांवर असलं, की दाबलेली हवा जेमतेम तापते न तापते तोच ते गार लोखंड तिची ऊब ओढून घेतं. त्यात एवढ्या उंचीवर हवाही विरळ, समुद्रकाठच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. फवारा उडतो, पण पेटत नाही. पांढरा धूर तेवढा बाहेर येतो. इंजिन जोरात फिरवलं तर जमेल, पण फिरवणार कोण? बॅटरी. तिच्यातली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. उणे अठरा अंशांना तिची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. आणि त्याच वेळी इंजिन ऑइल होतं काकवीसारखं घट्ट. ओझं वाढलं आणि बैल अशक्त झाला, अशी गत!

आणखी एक भानगड आहे. थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठते आणि आई ती उन्हात ठेवते, हे तुम्ही पाहिलं असेल. डिझेलचंही काहीसं तसंच होतं. त्यात मेणाचा अंश असतो, मेणबत्तीत असतं त्याच जातीच्या मेणाचा. कडाक्याच्या थंडीत त्याचे बारीक कण तयार होतात आणि फिल्टरची छिद्रं बुजतात. टाकी भरलेली, पण इंजिन उपाशी! (घरी प्रयोग करायचा तर खोबरेल तेलावर करा हं, डिझेलला हात लावू नका.)

अशा वेळी टाकीखाली स्टोव्ह पेटवण्याचा उपाय काही ड्रायव्हर करत. मला तर ते वाचूनच धडकी भरते. कुणी डिझेलमध्ये रॉकेल मिसळत. त्यानं डिझेल पातळ राहतं खरं, पण पंपाला मिळणारं वंगण कमी होतं आणि तो झिजतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं. पानिपतच्या कारखान्यात तयार झालेलं हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं.

पण नुसतं डिझेल बदलून भागत नाही. सकाळी इंजिन सुरू होणार की नाही, हे बरंचसं आदल्या संध्याकाळीच ठरतं. काम संपलं की टाकी काठोकाठ भरायची, कारण रिकाम्या जागेतल्या हवेची वाफ गारठून तिचं पाणी होतं आणि ते डिझेलमध्ये उतरून गोठतं. फिल्टरखाली साचलेलं पाणी सोडून द्यायचं. रेडिएटरमध्ये साधं पाणी चालत नाही. पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतो आणि इंजिनाचा जाड ब्लॉकसुद्धा तडकवतो. म्हणून पाण्यात ग्लायकॉल मिसळतात. चेनमधला चिखल खरवडून काढायचा आणि यंत्र फळ्यांवर उभं करायचं, नाहीतर सकाळी चेन जमिनीलाच चिकटलेली! बॅटरी काढून उबदार खोलीत नेतात. माणसांच्या शेजारी झोपते म्हणा ना!

सकाळी आधी हीटर लावून इंजिन कोमट करायचं, मग सेल्फ. तोही दहा-पंधरा सेकंदच. नाही झालं सुरू, तर दोन-तीन मिनिटं थांबायचं, नाहीतर सेल्फची मोटरच जळते. इंजिन धडधडू लागलं तरी लगेच रेस द्यायची नाही. घट्ट झालेलं ऑइल सगळ्या कोपऱ्यांत पोचायला वेळ लागतो. हायड्रॉलिकच्या नळ्याही आखडलेल्या असतात. म्हणून ऑपरेटर रिकामी बकेट हळूहळू वर उचलतो, खाली आणतो, पुन्हा वर. असं बराच वेळ चालतं. मगच यंत्र बर्फाला हात घालतं.