एपिसोड ४१ : शाळेत ‘बायल्या’, घरी नवे बाबा

एसटीत रेंज जाते, किंवा इअरफोन लावला की घरचे ‘काय ऐकून राहिला बे’ म्हणून डोकावतात, अशांसाठी एपिसोडची ही लिखित आवृत्ती.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून आलाय. तो यवतमाळ जिल्ह्यातला, अकरावीत. तालुका सांगत नाही, आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदललेत. वडील वारले. आईनं गेल्या वर्षी दुसरं लग्न केलं. नव्या घरात एक मोठा भाऊ मिळाला, तो त्याच कॉलेजात बारावीला. आपल्या श्रोत्याला मुलगे आवडतात. हे त्यानं कुणालाच सांगितलेलं नाही, पण वर्गातल्या पोरांनी त्याच्या चालण्या-बोलण्यावरून ठरवून टाकलंय. बसस्टँडवर ‘बायल्या’ म्हणून हाका, ग्रुपवर त्याच्या फोटोचे स्टिकर, बेंचवर खडूनं काहीबाही. त्याचा प्रश्न : ‘दादा, भावाकडून घरी पोचायच्या आत मीच नव्या बाबांना सांगून टाकू का?’

जुन्या श्रोत्यांना माहीत आहे, मी स्वतः गे आहे आणि यवतमाळचाच आहे. बीटेक करून आता पुण्यात कोड लिहितो. माझं उत्तर आधीच देतो : भीतीपोटी सांगू नकोस. त्रास थांबवणं हे एक काम आहे आणि स्वतःबद्दल सांगणं हे दुसरं. पहिलं काम दुसरं न करता होऊ शकतं.

आधी एक गोष्ट, कारण ‘आपल्याकडे असं कुणी नसतं’ हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. ३० डिसेंबर २०१७ ला यवतमाळ शहरातल्या एका हॉटेलात दोन पुरुषांनी लग्नाचा सोहळा केला. एक यवतमाळचा, आयआयटी मुंबईत शिकून अमेरिकेत गेलेला. दुसरा मूळचा व्हिएतनामी. मित्र आणि नातेवाईक हजर होते. जानेवारीत बातमी देशभर गेली. तेव्हा कलम ३७७ अजून जागेवर होतं. ते पुन्हा तपासायचं सुप्रीम कोर्टानं ८ जानेवारी २०१८ ला मान्य केलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान माणसांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. ते कात्रण आमच्या घरच्या ग्रुपवर फिरलं, खाली हसण्याच्या इमोजींची रांग. मी काहीच टाइप केलं नाही, पण कात्रण सेव्ह करून ठेवलं.

ही गोष्ट ऐकून मुलं म्हणतात, बघा, त्यानं यवतमाळात करून दाखवलं. बरोबर. पण तो तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता, स्वतःच्या पगारावर जगत होता, आणि त्याच्या घराचं दार दुसऱ्या कुणाच्या हातात नव्हतं. तुझं जेवण, फी, एसटीचा पास अजून घरच्यांकडून येतो. त्याच्या धाडसाशी आपली तुलना करायची गरज नाही. (लग्नाला कायदेशीर मान्यता मात्र अजून नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला कोर्टानं ते संसदेवर सोडलं.)

आता कॉलेजचं. तू एकटा नाहीस हे आकड्यातही दिसतं. तमिळनाडूत युनेस्कोनं चेन्नईच्या सहोदरन संस्थेबरोबर जवळपास ४०० तरुणांना विचारलं, तेव्हा निम्म्याहून जास्त जणांनी शाळेत मारहाण सोसलेली निघाली. शाळेकडे तक्रार पाचातल्या एकानंही केली नव्हती. का नाही केली हे मला सर्वेक्षणाशिवाय कळतं. तक्रार केली की पहिला प्रश्न येतो, ‘ते तुला असं का म्हणतात?’ आणि आपण तिथेच अडकतो.

म्हणून तक्रार बग रिपोर्टसारखी लिही. आमच्या कामात ‘ॲप नीट चालत नाही’ असं कुणी लिहिलं तर ते तिकीट कुणी उघडतही नाही. कधी, कुठे, काय दाबलं, काय झालं, स्क्रीनशॉट. तसंच इथे. ‘मुलं मला त्रास देतात’ असं नाही, तर ‘सोमवारी मधल्या सुट्टीत अकरावी ब च्या वर्गात अमुकनं माझ्या पाठीवर कागद चिकटवला, तमुकनं व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, हे दोघे तिथे होते.’ अशा चार-पाच नोंदी झाल्या की प्राचार्यांच्या नावे अर्ज, दोन प्रती, एकीवर ऑफिसचा शिक्का आणि तारीख. शिक्का महत्त्वाचा. ‘बघतो’ याला पुरावा नसतो, शिक्क्याला असतो.

आणि सरांनी विचारलंच, ‘पण तू आहेस का तसा?’ तर उत्तर पाठ करून ठेव : ‘सर, हा अर्ज त्यांच्या वागण्याबद्दल आहे.’ बस. खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगायची सक्तीही नाही. चष्म्यावरून किंवा जातीवरून चिडवलं असतं तरी अर्ज असाच लिहिला असता.

सर ऐकत नसतील तर शाळेत तक्रारपेटी असायला हवी, आणि २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे सखी सावित्री समितीही. नाव मुलींचं वाटतं, काम सगळ्या विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेचं आहे. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शाळेत मानसिक छळ करायला सरळ मनाई करतं. कागदावर आहे तेवढं प्रत्यक्षात असेलच असं नाही, पण अर्जात नाव घेतलं की ऑफिसातली माणसं जरा सरळ बसतात, एवढं नक्की.

आता फोन. यावर मी जरा रेंगाळणार, कारण घरी गोष्टी बहुतेक वेळा तिथूनच पोचतात. नव्या घरात वस्तू फिरतात, तुझा जुना फोन भावाकडे गेला असेल. त्यात तुझं गुगल अकाउंट अजून लॉगिन असेल तर तू इथे काय शोधतोस ते त्याला तिथे दिसू शकतं. गुगल अकाउंटच्या सेटिंगमध्ये ‘युअर डिव्हाइसेस’ उघड आणि जुने फोन काढून टाक. घरच्या टीव्हीवर युट्यूब तुझ्या अकाउंटवर चालतंय का तेही बघ. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद. आणि ते स्टिकर, शिव्या डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट काढून वेगळ्या ईमेलवर पाठवून ठेव, ज्याचा पासवर्ड फक्त तुझ्या डोक्यात आहे.

डेटिंग ॲपवर अठराच्या आत जायचं नाही. उपदेश म्हणून सांगत नाहीये. अठरा वर्षांखालच्या मुलाशी संबंध हा पॉक्सो कायद्यानं गुन्हा आहे, मुलगा असो की मुलगी. शिवाय फोटो मागून पैसे उकळणारे तिथे टपलेले असतात. कुणी धमकी दिलीच तर एक रुपयाही देऊ नकोस, चॅट जपून ठेव आणि विश्वासातल्या एका मोठ्या माणसाला सांग. त्यात गुन्हेगार तो आहे.

आता भाऊ. तो शत्रूच आहे असं धरून चालू नकोस. ‘तुझा भाऊ असा कसा बे’ हे त्यालाही ऐकावं लागत असणार, आणि काही पोरं अशा वेळी स्वतःला वाचवायला गर्दीबरोबर हसतात. त्याच्याकडे कबुली नको, मदत माग : ‘कॉलेजात दोघं-तिघं मला त्रास देतात, आठवडाभर येता-जाता माझ्यासोबत बसशील का?’ तो काय करतो त्यावरून पुष्कळ कळेल.

नवे बाबा. बाबा म्हणणं जड जात असेल तर काका म्हण, कित्येक घरांत तसंच चालतं. कायद्याच्या नजरेत ते तुझे पालक आपोआप होत नाहीत. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक ठरवताना सावत्र वडील धरलेले नाहीत. तुझ्यासाठी ती जागा आईची आहे. वडिलांच्या नावावर शेती असेल तर आईच्या दुसऱ्या लग्नानं तुझा वारसाहक्क जात नाही. सातबारावर वारस म्हणून नाव लागलंय का, हे आजोबांना किंवा मामाला विचार. मुलगा गे असण्याशी सातबाराचा काय संबंध, असं वाटेल. पण ‘घराबाहेर काढतील’ ही भीती रात्री झोपू देत नाही तेव्हा आपलं काय शाबूत आहे ते माहीत असलेलं बरं.

कधीतरी सांगायचं ठरवलंस, तर बहुधा आधी आईला. पण लक्षात घे, त्या घरात तीही नवीन आहे. तिला सांगणं म्हणजे नव्या नवऱ्यापासून लपवायची गोष्ट तिच्या हातात देणं. ती किती दिवस एकटी सांभाळू शकेल, याचा अंदाज तुझ्याइतका कुणालाच नाही. आधी वाऱ्याची दिशा बघ. टीव्हीवर ‘बधाई दो’ लागला तर चॅनल बदलू नकोस, घरात कोण काय बोलतं ते ऐक.

आणि कळलंच, आणि डॉक्टरकडे किंवा बाबाकडे न्यायची भाषा सुरू झाली तर? जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर केलं. आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं कळवलं की ‘बरं करण्याचा’ उपचार देणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण केली तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो.

बोलायचं असेल तर टेली मानस, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. रात्री फार जड झालं, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटलं, तर आधी हाच नंबर लाव. घरात मारहाण किंवा हाकलून देणं झालं तर चाइल्डलाइन, १०९८. तिथून प्रकरण बालकल्याण समितीपर्यंत जाऊ शकतं, हे माहीत असू दे. नागपुरात सारथी ट्रस्ट आहे, पुण्यात २००२ पासून समपथिक ट्रस्ट. कॉल हिस्टरीतून नंबर काढायला विसरू नकोस.

श्रोत्या, अर्जाचा मसुदा लिहिलास तर नावं गाळून मला पाठव. भाषा मी बघून देतो.