सीईटी, नीट आणि पर्सेंटाइलचा हिशेब



गटात फिरताना लागणीइतकीच चौकशी आता पोरांच्या प्रवेश परीक्षांची होते. उसाच्या बिलातला बराच पैसा क्लासच्या फीला जातो. म्हणून या परीक्षांत मार्क कसे पडतात, याचा हिशेब पालकांनी स्वतः समजून घेतलेला बरा. पुढील माहिती २०२५ च्या परीक्षांप्रमाणे आहे.

सीईटी : इंजिनिअरिंग, फार्मसी आणि कृषी पदवीसाठी राज्याची ही परीक्षा संगणकावर होते. एकूण मार्क २००. गणिताच्या गटात फिजिक्स व केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न प्रत्येकी १ मार्काचे आणि गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ मार्कांचे. पहिली ९० मिनिटे फिजिक्स-केमिस्ट्रीला, पुढची ९० गणिताला. जीवशास्त्राच्या गटात गणिताऐवजी जीवशास्त्राचे १०० प्रश्न, १ मार्काचे. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे, बाकी बारावीचे. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये.

नीट : डॉक्टरकीसाठी देशभर एकच परीक्षा, तीन तास, १८० प्रश्न, ७२० मार्क. बरोबर उत्तराला ४ मार्क मिळतात, चुकलं की १ कापला जातो, कोरं ठेवलं तर शून्य. समजा पोराने ६० प्रश्न अंदाजाने मारले. १२ बरोबर आले तर ४८ मिळाले आणि ४८ गेले, म्हणजे हाती काहीच नाही. ८ च बरोबर आले तर ३२ मिळाले आणि ५२ गेले, म्हणजे आधीच्या कमाईतले २० मार्क घालवले. चारपैकी दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत एवढं कळत असेल, तरच उरलेल्या दोनात निवड करावी.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत : इथेच बहुतेकांची फसगत होते. सीईटी अनेक दिवस, अनेक पाळ्यांत चालते. एका पाळीचा पेपर सोपा, दुसरीचा अवघड. आपण आडसालीचा उतारा खोडव्याशी लावून बघत नाही. आडसाली आडसालीत, खोडवा खोडव्यात बघतो. तसंच इथे पोराची तुलना त्याच्याच पाळीतल्या पोरांशी होते. समजा पाळीत १०,००० जण बसले. आपल्या मुलीला १२० मार्क पडले आणि तिच्यासह ९,००० जणांना १२० किंवा कमी आहेत, तर तिचे पर्सेंटाइल ९०. अवघड पाळीत हेच ९० कदाचित १०५ मार्कांनाही मिळेल.

आता ९० आकडा ऐकून पेढे वाटण्याआधी दुसरी बाजू बघा. एकूण ३ लाख पोरं बसली असतील, तर ९० पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे सुमारे ३०,००० जण आहेत. उलट, २०० पैकी ११० मार्क म्हणजे ५५ टक्केच, असं म्हणून पोराला बोल लावणंही चूक. पेपर अवघड असेल तर तेच मार्क चांगल्या पर्सेंटाइलचे ठरू शकतात.

पालकांनी एवढे करावे :

१) पोराला कुठली शाखा हवी ते आधी ठरवा, मग परीक्षा आणि गट निवडा.

२) त्या वर्षीची माहितीपुस्तिका पोरासोबत बसून वाचा. नियम दरवर्षी बदलू शकतात.

३) घड्याळ लावून जुने पेपर सोडवून घ्या. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीच्या एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही.

४) बारावीकडे दुर्लक्ष नको. इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी सीईटीवर लागते, पण पात्रतेसाठी बारावीला संबंधित विषयांत खुल्या गटाला ४५ टक्के आणि राज्यातील राखीव गटाला ४० टक्के लागतात.

५) निकालावर घाईने डोनेशनचा व्यवहार करू नका. मागच्या वर्षी हव्या त्या कॉलेजात, आपल्या प्रवर्गात शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलला झाला, ते कटऑफ यादीत बघा. आपला आकडा त्या यादीशी ताडून मगच पैशाचा विचार करा.

– ऊस विकास अधिकारी