शांततेचा खर्च (भाग ९) : बिल कोणाच्या नावावर?

जपानने अफगाणिस्तानात बंदुका कशा गोळा केल्या, ते या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ते पुढच्या खेपेला. कारण आलापल्लीच्या एका निवृत्त मास्तरांचं पत्र आलंय. त्यांनी लिहिलंय, "काबूलचं राहू द्या. आमच्या अहेरीत सी-६० आहे, एसआरपीएफ आहे, सीआरपीएफ आहे. यांचा खर्च नेमका कोण करतो? आणि हे सगळे परत गेल्यावर कोण करणार?" पहिला प्रश्न हिशेबाचा आहे, दुसरा राजकारणाचा. दोन्हींत मला इतका रस आहे की जपानला थांबावं लागेल.

अफगाणिस्तानचं पुढे काय हे ठरवणारी बॉनची बैठक नियमित वाचकांना आठवत असेलच. तिच्यानंतर काही महिन्यांनी, एप्रिल २००२ मध्ये, जिनिव्हात मित्रदेशांनी कामं वाटून घेतली. अमेरिकेने सैन्य उभारायचं, जर्मनीने पोलीस, इटलीने न्यायव्यवस्था, ब्रिटनने अफू रोखायची, जपानने बंदुका जमा करायच्या. कागदावर वाटणी छान दिसते. प्रत्यक्षात जर्मनांनी काबूलची पोलीस अकादमी उघडली आणि अधिकाऱ्यांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम आखला. शिपाई मात्र गावोगाव लागत होते, तेही लगेच. मग अमेरिकेने स्वतःची केंद्रं काढून आठ आठवड्यांत पोलीस तयार करायला घेतले. इकडे इटालियन तज्ज्ञांनी २००४ मध्ये फौजदारी प्रक्रियेचा कायदा लिहून दिला, त्यावर अफगाण वकीलच नाराज. तरी समजा, पोलिसाने चोर पकडला. तो न्यायालयात उभा राहीपर्यंत जर्मनी, अमेरिका आणि इटली अशा तीन देशांच्या हद्दी ओलांडायच्या. आणि त्या हद्दींवर नेमकं कुणीच नाही. माझ्या मते अफगाणिस्तानची निम्मी कथा एवढ्यातच आली.

आता अहेरी. इथली वाटणी राष्ट्रांमध्ये नाही, सरकारांमध्ये आहे, पण तऱ्हा तीच. सी-६० हे राज्याचं माओवादविरोधी पथक. १ डिसेंबर १९९० रोजी तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी गडचिरोलीत ते उभं केलं, आणि दक्षिणेकडच्या तालुक्यांसाठी १९९४ मध्ये अहेरीच्या प्राणहिता उपमुख्यालयात त्याची दुसरी शाखा निघाली. पोरं इथलीच, माडिया-गोंडी बोलणारी. पगार महाराष्ट्र सरकारचा. एसआरपीएफच्या कंपन्याही राज्याच्याच, फक्त बाहेरच्या जिल्ह्यांतून पाळीपाळीने येणाऱ्या. सीआरपीएफ केंद्राची. तिच्यात केरळचा जवानही भेटेल आणि मणिपूरचाही.

तर मास्तर, सीआरपीएफ फुकट येत नाही. ज्या राज्यात तिच्या तुकड्या तैनात होतात त्या राज्याला केंद्रीय गृहमंत्रालय दर तिमाहीला बिल पाठवतं. ही रक्कम किती फुगू शकते ते झारखंडकडे बघून कळतं. २०२५ मध्ये त्या राज्याने केंद्राकडे मागणी केली की माओवादविरोधी मोहिमांसाठी आलेल्या दलांचं १३ हजार कोटींहून अधिक थकलेलं बिल माफ करा. त्यांचं म्हणणं असं की हा प्रश्न देशाचा, मग बिल एकट्या झारखंडच्या नावावर का? केंद्राचं म्हणणं, कायदा-सुव्यवस्था राज्याचा विषय. घटनेच्या सातव्या अनुसूचीत दोघांनाही आपापल्या बाजूचं वाक्य सापडतं.

पैसा उलट्या दिशेनेही येतो. सुरक्षाविषयक खर्चाच्या योजनेत राज्याने आधी खर्च करायचा, मग केंद्राकडून परतावा मागायचा. प्रशिक्षण, मोहिमांचा खर्च, मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांना मदत, शरण आलेल्यांचं पुनर्वसन हे सगळं त्यात बसतं. रस्त्यांचा हिशेब वेगळा. २००९ मध्ये ३४ जिल्ह्यांसाठी पहिली रस्ते योजना आली, २०१६ मध्ये ४४ जिल्ह्यांसाठी दुसरी. दुसऱ्या योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यांना केंद्र ६० टक्के देतं आणि ४० टक्के राज्याने घालायचे. म्हणजे एकाच तालुक्यात एका खात्यासाठी केंद्र राज्याला बिल लावतं आणि दुसऱ्या खात्यासाठी तेच केंद्र राज्याला पैसे देतं. मंत्रालयातल्या बाबू लोकांना यात काही वावगं वाटत नाही. मला मात्र हे वाचताना प्रत्येक वेळी गंमत वाटते.

रस्त्यांवरून एक आठवलं. अफगाणिस्तानातला झरांज ते देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता भारताच्या सीमा सडक संघटनेने बांधला आणि जानेवारी २००९ मध्ये तो अफगाण सरकारच्या हाती दिला. त्या कामावर आपली माणसं मारली गेली. हीच संघटना हीरक प्रकल्पाखाली आपल्या जंगलातही रस्ते बांधत होती. सिरोंचा-भोपालपट्टणमकडचे जुने लोक अजून 'ग्रेफवाले' म्हणून त्यांची आठवण काढतात. बाहेर मित्रदेश म्हणून गेलेली संघटना घरातही त्याच कामाला जुंपलेली होती, आणि दोन्हीकडे स्फोटकांची भीती तीच.

पैसा कुणाचा हे कळलं तरी शेजाऱ्याचं ओझं आपल्या अंगावर कसं येतं ते कळत नाही. नोव्हेंबर १९८० मध्ये सिरोंचा तालुक्यातल्या मोयाबीनपेठ्यात नक्षलवादी पेद्दी शंकर पोलिसांच्या गोळीने मेला, तेव्हा ही मंडळी आदिलाबाद-करीमनगरकडून प्राणहिता-गोदावरी ओलांडून नुकतीच येऊ लागली होती. पुढे १९८९ मध्ये आंध्रने ग्रेहाउंड्स काढली. हे दल कमालीचं परिणामकारक ठरलं, आणि दलमं, म्हणजे नक्षलवाद्यांची सशस्त्र पथकं, उत्तरेला सरकली. कुठे? आपल्याकडे आणि बस्तरमध्ये. हैदराबादच्या कागदावर ते यश होतं, भामरागडच्या कागदावर ती नवी डोकेदुखी. एका मित्राने आपला वाटा चोख पार पाडला की दुसऱ्याचा वाटा वाढतो, हे कंदाहारात कॅनडाला आणि हेलमंदमध्ये ब्रिटनलाही भोगावं लागलं. जर्मन सैनिकांना उत्तरेतच राहायची त्यांच्या संसदेची अट होती. तशा अटी आपल्याकडे लिहिलेल्या नसतात, पण असतात. इंद्रावतीच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे छत्तीसगड. पाठलाग करणाऱ्या पथकाने नदी ओलांडायची तर आधी तिकडच्या जिल्ह्याला कळवायचं. दलमांना कुणालाच कळवायचं नव्हतं. २०२५ च्या उन्हाळ्यात छत्तीसगड-तेलंगणा सीमेवरच्या कर्रेगुट्टाच्या डोंगरावर छत्तीसगड आणि केंद्राची दलं लढत होती, त्याच महिन्यांत तेलंगणातल्या नेत्यांचा सूर बोलणी करा असा होता. कोण बरोबर हा आजचा विषय नाही.

आता मास्तरांचा दुसरा प्रश्न. त्यासाठी पोलीस मदत केंद्र म्हणजे पोमके पाहायला हवं. वांगेतुरी, गर्देवाडा, पेनगुंडा या ठिकाणी गेल्या काही वर्षांत पोमके एकेका दिवसात उभी राहिली. पोर्टा केबिन, जनरेटर शेड, आरओ प्लांट, सँड मोर्चे, मोबाईल टॉवर, सगळं ट्रकांतून येतं आणि संध्याकाळपर्यंत जोडून होतं. मग तिथे दादालोरा खिडकी उघडते. बाई जातीच्या दाखल्याचा कागद घेऊन येते, शेतकरी योजनेचा अर्ज घेऊन येतो, आणि फॉर्म भरून देतो पोलीस शिपाई. अफगाणिस्तानात शाळा आणि विहिरी बांधायला सैनिकांचीच प्रांतिक पथकं होती, ती हीच कल्पना. खिडकी चालते, लोकांची कामं होतात, यात शंका नाही. पण तलाठी आणि कृषी सहायक मोकळे सुटतात, आणि पोलीस गेला की खिडकीही जाते, याकडे कुणी फारसं बघत नाही.

१ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या रस्त्यासाठी आले आणि अहेरीहून निघणाऱ्या बसमध्ये बसले. त्याच दिवशी माओवादी नेत्या तारक्का शरण आली. त्या ऑक्टोबरात माओवादी नेता भूपतीने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं ठेवली. आणि त्याच महिन्यात केंद्राची 'सर्वाधिक प्रभावित' जिल्ह्यांची यादी तीनवर आली : बिजापूर, सुकमा, नारायणपूर. एप्रिलमध्ये सहांच्या यादीत असलेलं गडचिरोली बाहेर पडलं. बातमी आनंदाचीच. फक्त विशेष केंद्रीय सहाय्य त्या यादीला बांधलेलं असतं. बाहेर पडलेल्या जिल्ह्यांसाठी केंद्राने वेगळा वर्ग ठेवलाय, त्यामुळे नळ एकदम बंद होणार नाही. पण धार बारीक होईल.

काबूलमध्ये धार बारीक झाली तेव्हा आधी गेले ते विमानांचे मेकॅनिक. २०२१ मध्ये अमेरिकी कंत्राटदार निघाले आणि अफगाण हवाई दलाची विमानं जमिनीवर उभी राहू लागली. पैसे देणाऱ्यांनी विमानं दिली होती, ती रोज चालती ठेवणारी माणसं तयार केली नव्हती. आपल्याकडे त्या जागी काय आहे? टॉवरच्या जनरेटरचं डिझेल आणि पावसाळ्यात खचणारा रस्ता. रस्त्याबद्दल तर विचारू नका, सुरजागडच्या खाणीतल्या लोहखनिजाचे ट्रक आलापल्ली-एटापल्लीवर काय करतात ते मास्तर रोज बघतात.

आणि ती बस. अहेरी आगाराची गाडी गर्देवाड्याला जाते, सवारी कमी, डिझेल तेवढंच. तोटा एसटी महामंडळाच्या खात्यावर. सुरक्षाविषयक खर्चाच्या परताव्यात गोळी बसते, बूट बसतात, मोहिमेचं डिझेल बसतं. एसटीच्या फेरीचं डिझेल बसत नाही. ते बसवावं, निदान दहा वर्षं, आणि गडचिरोली कुठल्या यादीत आहे याची अट न घालता. माओवादविरोधी खर्चात एवढी एक ओळ घालायला नवा कायदा लागत नाही.