अजिंठ्याची काजळी आणि अविध्वंसक परीक्षण
कार्बनच्या ठोकळ्यातून वीजप्रवाह सोडून रोध मोजला असता आतील भेग कळू शकते. भेगेमुळे प्रवाहाचा मार्ग लांबतो व रोध वाढतो. ठोकळा फोडावा लागत नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील काळा रंग म्हणजे काजळी, अर्थात कार्बनच होय. परंतु मातीच्या गिलाव्यावरील त्या ठिसूळ थरास विद्युत्‌अग्रे टेकविणे धोक्याचे. निजाम सरकारने बोलाविलेल्या चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी १९२०-२२ मध्ये संरक्षणार्थ दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला, हा अनुभव विसरण्याजोगा नाही. येथे अवरक्त छायाचित्रणच अधिक इष्ट. काजळी अवरक्त किरण शोषून घेते, गेरू ते बऱ्याच अंशी परावर्तित करतो. त्यामुळे पिवळ्या लेपाखालील काळी रेषा स्पर्शाविना उमटते. गिलावा भिंतीपासून सुटला आहे काय, हे मात्र त्यातून कळत नाही.